झेडपीची शाळा आणि इंग्लिश मीडियम: विद्यार्थ्यांनी तुलनेचा माहितीपट करताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. जनसंज्ञापनाच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या तिघांना वीस मिनिटांचा माहितीपट करायचा आहे. विषय ठरलाय: जिल्हा परिषदेची शाळा आणि खाजगी इंग्रजी शाळा यांची तुलना. हाताशी एक कॅमेरा, दोन फोन आणि दोन-अडीच महिने आहेत. परवानगी कशी मिळवायची, कुणाची बाजू घेतल्यासारखं होऊ नये म्हणून काय करायचं आणि शिक्षक कॅमेऱ्यासमोर मोकळेपणाने बोलत नाहीत त्याला उपाय काय, असं त्यांनी विचारलंय. मी बरीच वर्षं शाळांमध्ये चित्रीकरण करते आणि विद्यार्थ्यांच्या अशा फिल्म्सना मार्गदर्शनही करते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी 'खाजगी' म्हणजे तुमच्या मनात नक्की कोणती शाळा आहे ते ठरवा. महाराष्ट्रात हा शब्द फार ढिला वापरला जातो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये सुरू केलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळा कागदोपत्री खाजगीच आहेत, पण त्यांतल्या अनुदानित शाळांच्या शिक्षकांचा पगार सरकार देतं. आपल्याकडे गावातली मुलं प्राथमिक शाळा संपवून पुढे जातात ती मोठ्या प्रमाणावर अशाच अनुदानित हायस्कुलांत. त्याशिवाय वीस, चाळीस, साठ टक्क्यांच्या टप्प्यावर अडकलेल्या अंशतः अनुदानित शाळा आहेत, विनाअनुदानित आहेत, आणि 2012 च्या कायद्याने आलेल्या, स्वतःच्या पैशावर चालणाऱ्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा आहेत. गावाच्या फाट्यावर पिवळ्या व्हॅन घेऊन येणारी इंग्लिश मीडियम बहुतेक वेळा या शेवटच्या दोन प्रकारांतली असते. सरकारी बाजूलाही जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका, आश्रमशाळा असे वेगवेगळे कारभार आहेत. वीस मिनिटांत हे सगळं मावत नाही. तेव्हा 'सरकारी विरुद्ध खाजगी' असं नाव देऊ नका. एका गावातली किंवा एका वॉर्डातली एक झेडपी किंवा मनपाची शाळा आणि तिथलीच मुलं जातात ती एक विनाअनुदानित इंग्रजी शाळा, एवढंच घ्या. वर्गही एकच घ्या. तिसरी चांगली पडते: मुलं धीट झालेली असतात, वाचायला लागलेली असतात आणि अजून कॅमेऱ्यासमोर पोज देण्याच्या वयाची नसतात.

जोडी निवडताना दोन मोह टाळा. एक, तालुक्यातली सगळ्यात पडकी शाळा आणि शहराबाहेरची जलतरण तलाव असलेली इंटरनॅशनल स्कूल समोरासमोर ठेवणं. तिथे पहिल्या मिनिटालाच निकाल लागतो आणि तुमच्या फिल्मला करायला काही उरत नाही. दुसरा मोह त्याच्या उलटा: एखादी गाजलेली झेडपी शाळा उचलणं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेचे रणजितसिंह डिसले यांना 2020 चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, ही आपल्या सगळ्यांच्या अभिमानाची गोष्ट आहे. पण गाजलेली शाळा घेतली की फिल्म त्या एका शिक्षकाची होते, तुलना बाजूला पडते. साधारण झेडपी आणि साधारण फीची इंग्रजी शाळा हीच खरी जोडी, कारण प्रत्यक्षात पालक याच दोघींमध्ये निवड करत असतात.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. तुम्ही दोन शाळांची तुलना करायला निघता आणि कॅमेऱ्यात येते ती दोन घरांची तुलना. इंग्रजी शाळेतल्या मुलाच्या घरी फी भरण्याची ऐपत असते, बऱ्याचदा आई जास्त शिकलेली असते, संध्याकाळी शिकवणी असते. ते मूल नीट वाचतं तेव्हा त्यातलं शाळेचं किती आणि घराचं किती, हे वर्गात कॅमेरा लावून कळत नाही. यावर आपल्या देशात एक चांगला प्रयोग झालेला आहे. आंध्र प्रदेशातल्या 180 गावांमध्ये कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन या अर्थशास्त्रज्ञांनी चिठ्ठ्या टाकून काही मुलांना खाजगी शाळेचा खर्च दिला आणि पुढची चार वर्षं त्यांची प्रगती तपासली. 2015 मध्ये निष्कर्ष छापून आले. चिठ्ठी लागून खाजगी शाळेत गेलेली मुलं तेलुगू आणि गणितात सरकारी शाळेतल्या तशाच मुलांच्या पुढे गेली नव्हती. हिंदीत मात्र गेली होती, कारण खाजगी शाळा तो विषय जास्त शिकवत होत्या. आणि त्या खाजगी शाळांचा दर मुलामागचा खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहूनही कमी होता. हा निष्कर्ष दोन्ही बाजूंना टोचतो. झेडपीवाल्यांनी पूर्वार्ध सांगायचा आणि खाजगीवाल्यांनी उत्तरार्ध, असं चालतं. तुम्ही दोन्ही डोक्यात ठेवून शूटिंगला जा.

याचा फिल्मवर सरळ परिणाम होतो. शाळेच्या गेटवर थांबू नका, घरी जा. एकाच आळीतली दोन मुलं घ्या, एक झेडपीत जाणारं, एक व्हॅनने जाणारं. सख्खी भावंडं मिळाली तर फारच उत्तम, आणि ती मिळतात. मुलगा इंग्लिश मीडियमला आणि मुलगी झेडपीत असं घर शोधायला महाराष्ट्रात फार फिरावं लागत नाही. अशा घरी आईशी नीट बोललात तर फी, भाषा, मुलगा-मुलगी, आजोबांचं मत, शेजाऱ्यांचं बघून घेतलेला निर्णय, सगळं एका बैठकीत बाहेर येतं. फक्त ते बोलणं त्या मुलीसमोर करू नका.

निर्णय कधी होतो हेही बघा. बहुतेक विद्यार्थी-फिल्म्स पहिलीपासून पुढच्या वर्गांत घडतात, आणि निर्णय त्याच्या तीन वर्षं आधीच झालेला असतो. खाजगी शाळेत नर्सरी, एलकेजी, युकेजी असते. झेडपीची शाळा बहुतेक ठिकाणी पहिलीला सुरू होते. त्याआधी अंगणवाडी असते, पण ती महिला व बालविकास खात्याची. म्हणजे तीन वर्षांचं मूल एकदा व्हॅनमध्ये बसलं की सहाव्या वर्षी त्याला तिथून काढून झेडपीत घालायला पालकांना वेगळं धाडस लागतं. झेडपीचे शिक्षक हे पुरतं ओळखून आहेत. 'गुढीपाडवा, पट वाढवा' (पट म्हणजे शाळेतल्या मुलांची संख्या) म्हणत ते पाडव्याच्या सुमाराला घरोघर फिरतात. त्याच दिवसांत गावात 'प्रवेश सुरू' असे फ्लेक्सही लागलेले असतात. तुमचं वेळापत्रक मार्च-एप्रिलमध्ये बसत असेल तर हे चुकवू नका. एकाच दारात सकाळी झेडपीच्या बाई आणि संध्याकाळी इंग्रजी शाळेचं पत्रक, हा प्रसंग तुम्हाला मुलाखतींशिवाय सगळा विषय उभा करून देईल. एक धोक्याची सूचना: 15 ऑगस्ट, 26 जानेवारी आणि स्नेहसंमेलनाचे दिवस शूटिंगला घेऊ नका. त्या दिवशी दोन्ही शाळा नटलेल्या असतात, आणि तुम्हाला हवाय तो मंगळवारचा तिसरा तास.

परवानगी. झेडपीच्या शाळेत मुख्याध्यापक भले माणूस असतात, 'या की' म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांचा फोन आला की गडबडून जातात. त्यांना अडचणीत आणू नका. कॉलेजच्या लेटरहेडवर विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र घेऊन पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. ते शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्याकडे पाठवतील तर तिकडे जा. पत्राची पोच घ्या. पत्रात शाळेचं नाव, वर्ग, तारखा, किती जण येणार आणि फिल्म कुठे दाखवणार हे स्पष्ट लिहा. 'शैक्षणिक प्रकल्पासाठी' एवढंच लिहिलेलं पत्र कुणालाच आश्वस्त करत नाही. मग शाळा व्यवस्थापन समितीला भेटा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. समितीच्या बैठकीत विषय मांडून ठराव करून घेतलात की पुढचं काम सोपं होतं, कारण गावातल्या माणसांना तुम्ही कोण ते कळलेलं असतं. महापालिकेची शाळा असेल तर मनपाच्या शिक्षण विभागाची परवानगी लागते.

खाजगी शाळेत मुख्याध्यापिका 'मॅनेजमेंटला विचारून सांगते' म्हणतात आणि ते खरं असतं. निर्णय संस्थाचालकांचा असतो. त्यांना भेटताना 'तुलना' हा शब्द लपवू नका. दुसरी शाळा कोणती हेही सांगा. लपवलेलं प्रदर्शनाच्या दिवशी कळतंच आणि मग तुमच्यानंतर येणाऱ्या विद्यार्थ्यांना ते दार बंद होतं. काही शाळा नाही म्हणतील. छुपा कॅमेरा, 'अ‍ॅडमिशनची चौकशी करायला आलोय' असली सोंगं अजिबात नकोत. पालकांच्या घरी, व्हॅनच्या थांब्यावर, वह्या-पुस्तकांच्या दुकानात, संध्याकाळच्या शिकवणीत ती शाळा पुरेशी दिसते, तेही त्यांच्या परवानगीनेच. आणि शाळेने नकार दिला हे पडद्यावर टाकायचं असेल तर एका साध्या ओळीत टाका. मागे गूढ संगीत लावून नको. नकार देणं हा गुन्हा नाही.

फी विचारायला लाजू नका. पालकांकडे पावत्या असतात. ट्यूशन फी, व्हॅन, गणवेश, शाळेतूनच घ्यायची पुस्तकं, गॅदरिंगचे पैसे, असे वर्षाचे आकडे त्या आईलाच कागदावर मांडायला सांगा आणि तिचा हात, पेन, कागद एवढंच चित्रित करा. झेडपीत जाणाऱ्या मुलाच्या घरीही तेच करा. तिथे पाठ्यपुस्तकं मोफत असतात, पण खर्च शून्य नसतो. खाजगी शिकवणी तिथेही शिरलेली आहे.

शाळेची आकडेवारी तुम्हाला कुणाच्या दयेवर मिळवायची नाही. प्रत्येक शाळेला अकरा अंकी युडायस क्रमांक असतो आणि युडायस प्लस या सरकारी संकेतस्थळावर तिची माहिती खुली आहे: पट, शिक्षक, खोल्या, स्वच्छतागृहं, वीज. आधी ती बघा, मग शाळेत जाऊन डोळ्यांनी पडताळा. कागदावरचं आणि प्रत्यक्षातलं जुळत नसेल तर मुख्याध्यापकांना शांतपणे विचारा. कधी कधी अगदी साधं कारण असतं, नवीन खोली बांधून झालीय पण ताब्यात मिळालेली नाही वगैरे. त्यापुढची माहिती हवी असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. पण उत्तराला तीस दिवस लागतात, म्हणून तो पहिल्याच आठवड्यात टाका.

आकडे वाचताना एक गणित समजून घ्या, कारण फिल्मचा अर्धा गाभा त्यात आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत पट असेल तर दोन शिक्षक, एकसष्ट ते नव्वदला तीन. आता एखाद्या वाडीवर चौथीपर्यंतची शाळा आहे, पट अठ्ठावीस. दोन शिक्षक आहेत, म्हणजे चौदा मुलांमागे एक. ऐकायला हे महागड्या शाळेपेक्षाही चांगलं प्रमाण. पण प्रत्येक शिक्षकाकडे दोन इयत्ता एकाच खोलीत असतात, आणि एक जण प्रशिक्षणाला किंवा बैठकीला गेला की दुसऱ्याकडे चारही. कायदा पाळलेला आहे आणि तरीही मुलांना तिसरीचं गणित अर्ध्या वेळातच मिळतंय. ही गोष्ट आकड्यांच्या पाटीने सांगू नका. अशा वर्गात एक पूर्ण तास न तोडता शूट करा. मी पाहिलेल्या एका वर्गात बाईंनी पहिलीच्या मुलांना दहा-दहा मण्यांच्या माळा मोजायला बसवलं, फळ्याच्या उजव्या बाजूला तिसरीसाठी हातच्याच्या वजाबाकीची चार उदाहरणं लिहिली, परत पहिलीकडे आल्या. तेवढ्यात तिसरीतली एक मुलगी आपलं झाल्यावर उठून पहिलीतल्या मुलाच्या शेजारी बसली आणि त्याचे मणी मोजून द्यायला लागली. बाईंनी तिला हटकलं नाही, नुसतं 'तू मोजू नको, त्याला मोजू दे' म्हणाल्या. आत्ता त्या वर्गात काय कमी पडतंय आणि काय फार सुंदर चाललंय, दोन्ही त्या एका शॉटमध्ये होतं. अशा शॉटसाठीच तुम्ही तिथे गेलेले असता.

इंग्रजी शाळेतही तितक्याच धीराने बसा. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात एक तरुण शिक्षिका विज्ञानाचा धडा इंग्रजीत वाचते, मुलं पाठोपाठ म्हणतात, आणि मग ती हळूच मराठीत समजावते. काही शाळांत मराठी बोलायला बंदी असते आणि तरीही हे चालतं, कारण तिला मुलांना खरोखर शिकवायचं असतं. 'बघा, यांना इंग्रजी येत नाही' म्हणून हा प्रसंग वापरलात तर तुम्ही त्या शिक्षिकेवर अन्याय कराल. तिच्या पगाराची, कायम नसलेल्या नोकरीची, घरी नेलेल्या वह्यांच्या गठ्ठ्याची चौकशी करा. आणि पालकांनी इंग्रजी का निवडलं हेही त्यांच्याच तोंडून येऊ द्या. 'मला कचेरीत कुणी साहेबाने इंग्रजीत विचारलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते, पोराची नको' असं एखादा बाप म्हणतो तेव्हा त्याच्यावर मातृभाषेचं व्याख्यान झाडायचा आपल्याला काही अधिकार नाही. झेडपीच्या बऱ्याच शाळांनी सेमी इंग्रजी आणलं तेही याच मागणीमुळे. त्यामुळे भाषेच्या बाबतीत या दोन शाळा वाटतात तितक्या दूर राहिलेल्या नाहीत.

शिक्षक बोलत नाहीत, या प्रश्नावर. ते घाबरट असतात म्हणून बोलत नाहीत असं समजू नका. झेडपीच्या शिक्षकांना जिल्हा सेवेचे 1967 चे वर्तणूक नियम लागू असतात, शासनाच्या धोरणावर जाहीर टीका केली तर कारवाई होऊ शकते. खाजगी शाळेतल्या शिक्षिकेला तर नोटीस लागत नाही, पुढच्या जूनमध्ये बोलावणंच येत नाही. तुमच्या पाच मिनिटांच्या क्लिपसाठी कुणी नोकरी धोक्यात घालावी अशी अपेक्षा धरू नका. म्हणून मत विचारू नका, काम विचारा. 'शासनाचं धोरण कसं वाटतं?' याला उत्तर मिळणार नाही. 'काल शाळा सुटल्यावर रात्री झोपेपर्यंत शाळेचं काय काय काम केलंत?' याला मिळेल. त्यात ऑनलाइन माहिती भरणं येईल, पोषण आहाराची नोंद येईल, व्हॉट्सअ‍ॅप गटावर मागितलेले फोटो येतील, मतदार यादीचं काम येईल. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना बिगरशैक्षणिक काम देऊ नये असं म्हटलंय. हे कलम पडद्यावर टाका आणि त्यानंतर शिक्षकाची दिवसाची यादी ऐकवा. टीका शिक्षकाला करावी लागत नाही. धोरणावर खुलं बोलणारं माणूस हवंच असेल तर निवृत्त केंद्रप्रमुख किंवा शिक्षक संघटनेचे पदाधिकारी गाठा, त्यांना बोलायला तुलनेने मोकळीक असते आणि अनुभव भरपूर असतो.

मुलांच्या बाबतीत मी अजिबात सूट देत नाही. पालकांची लेखी संमती मराठीत, वाचून दाखवून, सही किंवा अंगठा घेऊन. त्यावर फिल्म इंटरनेटवर जाणार आहे की नाही हे वेगळं लिहिलेलं असावं, कारण कॉलेजात दाखवायला हो म्हणणारे पालक यूट्यूबला नाही म्हणू शकतात. पालकांनी हो म्हटलं आणि मूल तोंड फिरवतंय, तर ते मूल नाही म्हणतंय. वर्गासमोर 'तुझे बाबा काय करतात' विचारू नका. मुलाला उभं करून कॅमेऱ्यासमोर वाचायला लावून त्याची परीक्षा घेऊ नका. वाचनपातळी कशी तपासतात हे दाखवायचं असेल तर असरच्या पद्धतीबद्दल जाणकाराला बोलतं करा. 'प्रथम' या संस्थेचं हे सर्वेक्षण ग्रामीण भागात घरोघर जाऊन होतं, 2005 पासून, आणि त्याची सगळ्यात कठीण वाचनपातळी म्हणजे दुसरीच्या पुस्तकातल्यासारखा उतारा. एवढं सांगितलं की प्रेक्षकाला मुद्दा कळतो, कुणा लेकराची अडखळ दाखवावी लागत नाही.

आणि खाजगी शाळेत शिक्षण हक्क कायद्याने दुर्बल घटकांसाठी ठेवलेल्या पंचवीस टक्के आरक्षणातून आलेली मुलं कोणती, हे वर्गात कधीही विचारू नका, कुणी बोटाने दाखवलं तरी कॅमेरा तिकडे वळवू नका. त्या मुलांनी वर्गात इतरांसारखं बसावं म्हणूनच तर तो कायदा आहे. या आरक्षणावर तुम्हाला काही सांगायचं असेल तर पालकांच्या घरी जा. ऑनलाइन अर्ज, सोडतीचा मेसेज, कागदपत्रांची धावपळ, हे सगळं घरातून सांगता येतं. पार्श्वभूमी म्हणून एवढं ध्यानात ठेवा: 2024 च्या फेब्रुवारीत राज्याने नियम बदलून सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत असलेल्या खाजगी शाळांना या आरक्षणातून सूट दिली होती. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली आणि जुलैमध्ये तो बदल रद्दच केला. तुमच्या गावातली मुलं त्या वर्षी प्रवेशाला असतील तर त्यांच्या घरात त्या उन्हाळ्याची गोष्ट अजून ताजी असेल.

आता कॅमेरा. या विषयात पक्षपात मुलाखतींपेक्षा कॅमेऱ्याच्या उंचीत जास्त लपलेला असतो. झेडपीच्या बऱ्याच वर्गांत मुलं खाली बसकरपट्टीवर बसतात, इंग्रजी शाळेत बाकांवर. ट्रायपॉड दोन्हीकडे एकाच उंचीवर ठेवलात तर बाकावरची मुलं तुमच्या डोळ्याला डोळा भिडवून दिसतात आणि पट्टीवरची मुलं वरून, लहान, बिचारी. प्रेक्षकाच्या मनात दया तिथेच तयार होते, एक शब्दही न बोलता. ट्रायपॉड काढा, खाली मांडी घालून बसा, लेन्स मुलांच्या डोळ्यांच्या रेषेत आणा. दोन्ही शाळांत तीच लेन्स, दिवसाची तीच वेळ, तोच विषय शक्य असेल तर तोच धडा. एका शाळेत सकाळी कोवळ्या उन्हात आणि दुसरीत भर दुपारी शूट केलंत तर रंगांमुळेच एक शाळा आनंदी आणि दुसरी उदास दिसेल. नंतर रंगदुरुस्तीत झेडपी करडी आणि खाजगी झळझळीत करण्याची खोड विद्यार्थ्यांच्या फिल्म्समध्ये फार दिसते. ती खोटी साक्षच आहे.

ट्यूबलाइटच्या उजेडात पट्टे फिरताना दिसतात, कारण आपली वीज पन्नास हर्ट्‌झची आहे. सेकंदाला पंचवीस फ्रेम आणि 1/50 शटर ठेवा, फोनवरही स्वतः सेटिंग पक्कं करता येणारं अ‍ॅप वापरा, नाहीतर फोन आपल्या मनाने फ्रेम बदलत राहतो. आवाजाकडे चित्रापेक्षा जास्त लक्ष द्या. पत्र्याच्या छताखाली पावसात एक शब्द ऐकू येत नाही, सिमेंटच्या रिकाम्या खोलीत घुमतो. शिक्षकाला कॉलर माइक लावा. बाई असतील तर गटातल्या मुलीने माइक द्यावा आणि त्यांनी स्वतः लावून घ्यावा. कडक सुती साडीचा पदर माइकवर घासतो, बांगड्या वाजतात. आधी एक मिनिट रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका. प्रत्येक खोलीचा, कुणी बोलत नसतानाचा, तीस सेकंदांचा मोकळा आवाज वेगळा घेऊन ठेवा, संकलनात त्याच्याशिवाय जोड दिसतात. पहिले एक-दोन दिवस कॅमेरा घेऊन नुसते वर्गात बसा, चालू करू नका. मुलं आधी कॅमेऱ्याकडे बघून हात हलवतात, मग कंटाळतात. त्यांच्या कंटाळ्यानंतर तुमचं काम सुरू होतं.

पोषण आहाराबद्दल एक वाक्य लिहितेच. खिचडीच्या ताटांचा क्लोजअप हा झेडपीवरच्या प्रत्येक फिल्ममध्ये गरिबीचा शिक्का म्हणून येतो. प्राथमिकच्या मुलामागे रोज शंभर ग्रॅम धान्य, शाळेतच शिजवून, आणि सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला. या राज्याच्या इतिहासात ही फार मोठी गोष्ट आहे. शिजवणाऱ्या ताईंशी बोला. त्या किती वाजता येतात, मानधन वेळेवर मिळतं का, कोणत्या दिवशी मुलं जास्त जेवतात. त्यांना शाळेबद्दल सगळं ठाऊक असतं आणि त्यांना कुणीच विचारलेलं नसतं.

संकलनात दर दहा सेकंदांनी इकडची शाळा, तिकडची शाळा असं करू नका. फाटका गणवेश, मग टाय. हापसा, मग वॉटर कूलर. प्रत्येक जोड एक टोमणा होतो आणि प्रेक्षक पाचव्या मिनिटाला थकतो. एका शाळेला सलग पाच-सहा मिनिटं द्या, तिथला तास पूर्ण जगू द्या, मग दुसरीकडे जा. तुलना प्रेक्षक आपणहून करतो. निवेदन शक्यतो नको. नकाशा, कायद्याचं कलम, पट, एवढ्या पाट्या पुरेत. झेडपीसाठी बासरी आणि खाजगीसाठी गिटार तर मुळीच नको. पार्श्वसंगीत पूर्ण काढून बघा, शाळेचे आवाज पुरून उरतात: पाढे, घंटा, हजेरी. बोलीभाषेला प्रमाण मराठीची सबटायटल्स द्या, पण बोलणाऱ्याचं वाक्य बदलू नका.

वीस मिनिटांची ढोबळ विभागणी हवी असेल तर ही बघा: सकाळची निघण्याची घाई दोन्ही घरांतून, तीन मिनिटं. झेडपीचा तास, सहा. इंग्रजी शाळेचा तास किंवा तो मिळाला नाही तर व्हॅन, शिकवणी आणि घर, सहा. संध्याकाळी पालकांचा हिशोब आणि निवड कशी झाली, पाच. तज्ज्ञाची मुलाखत यात कुठे बसत नसेल तर काढून टाका, ती नसल्याने काही बिघडत नाही.

फिल्म पूर्ण बंद करण्याआधी कच्चं संकलन दोन्ही घरांना आणि दोन्ही शाळांना दाखवा. पट, नाव, फी, तारीख यांत चूक निघाली तर तिथल्या तिथे दुरुस्त करा. एखादं मूल किंवा त्याचे पालक 'आमचा भाग काढा' म्हणाले तर कारण न विचारता काढा. एखाद्या शिक्षकाला आपलं एखादं वाक्य नोकरीवर येईल असं वाटलं तर तेही काढा. मात्र 'शाळेची बदनामी होते, हा प्रसंग नको' असं मुख्याध्यापक किंवा संस्थाचालक म्हणाले तर थांबा, तो प्रसंग खरा आहे का आणि दोन्ही शाळांना एकच मोजपट्टी लावली आहे का ते तुमच्या मार्गदर्शकासोबत परत तपासा. दोन्हींचं उत्तर हो असेल तर तो प्रसंग राहू द्या आणि तसं त्यांना प्रदर्शनाच्या आधी समक्ष जाऊन सांगा.